एकविसावं मडकं

खोटं वाटत असेल तर वाचू नका. मला कुणाची मनधरणी करायची नाही. गुरुवारची भर दुपार होती, आमच्या गावातली जुनी मशीद होती, आणि आत मी एकटा होतो. जे झालं ते या कानांनी ऐकलंय.

मी गवंडी. माझे अब्बाही गवंडीच.

मशीद दीडशे वर्षांची. जाड दगडी भिंती, चुन्याचा गिलावा, वर एकच घुमट. त्या घुमटात आतल्या बाजूने एकवीस मडकी चिणलेली, तोंडं उघडी ठेवून. ज्या गवंड्याने मशीद बांधली त्याचा बाप कानाने अधू होता म्हणे. म्हातारा शेवटच्या रांगेत बसायचा. त्याला ऐकू जावं म्हणून पोराने ही मडकी बसवली. पुढे कुणी हळू बोललं तरी दारापर्यंत शब्द न् शब्द पोचायचा.

अब्बांनी चाळीस वर्षं ती मडकी जपली. जाळी झाडली, तडे बुजवले, तोंडं मोकळी ठेवली.

मग कमिटीत नवा अध्यक्ष आला. मला म्हणाला, "कबुतरं घाण करतात. मडकी बुजवून टाक. आपण स्पीकर लावतोय."

गाढवाला गुळाची चव काय. आणि मी तरी कुठला शहाणा... काम घेतलं.

अब्बा रोज येऊन खाली उभे राहायचे. "नको रे," म्हणायचे. माझं डोकं फिरायचं. वीस मडकी बुजवली. शेवटच्याच्या तोंडाशी सिमेंट नेलं, तेवढ्यात खालून आवाज आला, "बाळा, ऐक..."

मी वरूनच खेकसलो, "गप बसा आता. तुम्हाला विचारतंय कोण?"

आणि सिमेंट थापलं.

त्यानंतर अब्बा माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. नवव्या दिवशी गेले. त्यांना काय सांगायचं होतं, ते राहून गेलं.

महिनाभरात बोंब उठली. स्पीकर लावूनही तिसऱ्या रांगेच्या मागे काही कळेना, नुसता गोंगाट. अध्यक्ष चारचौघांत मलाच म्हणाला, "तुझ्या कामात खोट आहे."

तळपायाची आग मस्तकात गेली. त्याची कॉलर धरणार होतो. पण खोट होतीच... त्याच्या डोक्यात आणि माझ्या हातात.

त्या गुरुवारी कुणाला न विचारता छिन्नी-हातोडा घेऊन बांबूच्या परांचीवर चढलो. स्पीकर बंद. दार लोटलेलं.

पहिल्या मडक्याचं तोंड मोकळं केलं. आत काही नाही. दुसरं... तिसरं... वीसही रिकामी.

एकच गोष्ट खटकत होती. मी एवढे घाव घालत होतो, पण घुमट घुमत नव्हता.

एकविसाव्याला छिन्नी लावली. सिमेंटचा टवका खाली पडला.

आतून श्वास आला... बोलायच्या आधी माणूस घेतो तसा.

मग अगदी स्पष्ट... "बाळा, ऐक..."

माझ्या अब्बांचा आवाज.

ऐकतोय अब्बा, असं म्हणणार होतो...

"गप बसा आता. तुम्हाला विचारतंय कोण?"

तो माझा आवाज होता. माझे ओठ मिटलेले होते.

दार उघडून बांग देणारे चाचा आत आले. "कुणावर ओरडतोयस एवढा? बाहेर चपलांपर्यंत ऐकू आलं. आत तर तू एकटाच आहेस."



आता मडकी उघडी आहेत. दारापर्यंत सगळं ऐकू जातं. अध्यक्षाने पुन्हा बुजवायला माणूस आणला, त्याला मी हाकलून दिलं. रोज दुपारी तिथे जातो, अब्बा उभे राहायचे त्याच जागी उभा राहतो. रोज तेच. ते "बाळा, ऐक" म्हणतात, आणि तो हलकट माझ्या आवाजात त्यांना गप्प करतो. परवा मी त्याला शिव्या घातल्या. एकदा त्यांना बोलू दे म्हणून हात जोडले.

काल "बाळा" आलंच नाही. नुसता श्वास आला.

आणि मग ते खेकसणं... ते मात्र दिवसेंदिवस मोठं होत चाललंय.