साउआजीच्या डोळ्यांतली माणसं

व्हिएतनाममधल्या सा देक गावात बाजारामागे क्वेनचा फोटो स्टुडिओ होता. आपण गेल्यावर घरच्या देव्हाऱ्यात ठेवायचा फोटो जिवंतपणीच काढून घ्यायला गावातली म्हातारी माणसं तिच्याकडेच येत. तिघांचा फोटो मात्र क्वेन कधी काढत नसे. त्यातला मधला माणूस आधी जातो, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. तिघं आलेच तर ती कपाटावरची कापडी बाहुली एकाच्या हातात द्यायची. झाले चार.

त्या दुपारी साउआजी आली. ऐंशीची बाई, ठेवणीतला रेशमी झगा घालून खुर्चीत ओंडक्यासारखी ताठ बसली. मागे दुसरीकडे काढलेला तिचा फोटो बघून धाकट्या नातीने भोकाड पसरलं होतं म्हणे. आपल्या फोटोपुढे उदबत्ती लावायला पोरं घाबरणार, याचंच म्हातारीला मरणाहून जास्त वाईट वाटत होतं.

क्वेनकडे एक हुकमी युक्ती होती.

"आजी, काचेकडे बघूच नका. तुमचं लाडकं माणूस माझ्या खांद्याशी उभं आहे असं समजा. मनातल्या मनात बोला त्याच्याशी."

आजीने नजर काचेवरून क्वेनच्या खांद्याकडे वळवली. मग तिचे खांदे सैल झाले आणि बोळक्या तोंडावर असं हसू आलं, की क्वेनलाच बरं वाटलं. तिने बटण दाबलं. खोलीत कुठूनसा तंबाखूचा वास आला.

"आमचा म्हातारा आला की लगेच," आजी म्हणाली. "आणि त्याच्यामागोमाग वारलेली आमची ताईपण. एकाला बोलावून दुसरीला कसं टाळायचं?"

म्हाताऱ्या माणसांचं बोलणं, म्हणून क्वेनने हसून सोडून दिलं. फोटो पडद्यावर मोठा करून ती डोळ्यांतली लाली काढायला बसली. बुबुळात नेहमीसारखं स्टुडिओतल्या दिव्यावरच्या पांढऱ्या छत्रीचं प्रतिबिंब होतं, कॅमेऱ्यामागे ती स्वतः होती. तिच्या डाव्या खांद्याशी टोपीवाला पुरुष उभा होता. उजव्या खांद्याशी अंबाडा घातलेली बाई. दुसऱ्या डोळ्यातही तेच. मिळून तिघं, आणि मध्ये क्वेन.

मधला माणूस आधी जातो. घरी सहा वर्षांची लेक होती, तिला आईवाचून दुसरं कोणी नव्हतं.

"आजी... त्यांना आता जायला सांगाल?"

"बोलावलेल्या माणसाला जा कसं म्हणू पोरी? थांबू देत की."

क्वेनने बाहुली काढली, दोरीने गळ्यात बांधून छातीशी घट्ट धरली. आता चौघं होतील, असं तिने स्वतःला दोनदा बजावलं. पुन्हा एक फोटो काढायचाय म्हटल्यावर आजी परत हसली, तशीच, खांद्यांच्या मागे बघत. तंबाखूचा वास आता क्वेनच्या मानेपाशी येत होता. तिने बटण दाबलं आणि धावत पडद्यापाशी गेली.

डावीकडे टोपीवाला. उजवीकडे अंबाडेवाली. मधोमध अधांतरी बाहुली, तिच्यामागे क्वेन नाही.

तिने पुन्हा मोजलं. तीनच होते.

मागे खुर्ची करकरली. क्वेन वळली. आजी थेट तिच्याकडेच बघत होती, पण तिची नजर कुठेच ठरत नव्हती.

"पोरी..." आजी हलकेच म्हणाली, "कुठे गेलीस गं?"