कामिनीची नवी सायकल

गोलू, मोबाईल उपडा ठेव, उजेड डोळ्यांत जातो. पिंकी, तू चादर घे अंगावर, गच्चीवर दव पडतंय. आता ऐका. हे आपल्या गल्लीतल्या रोहितच्या बायकोचं, कामिनीचं आहे. बरंचसं तिच्या तोंडून ऐकलेलं, आणि शेवटचं मी तिथं उभा राहून पाहिलेलं.

दोन वर्षं झाली. मार्गशीर्षातला शेवटचा शनिवार. अजून पुरतं उजाडलं नव्हतं. मी दुधाचा डबा घेऊन निघालो, तर रोहितच्या ओट्यावर दिवा लागलेला. कामिनी सायकलच्या चाकात हवा भरत होती.

तुम्ही तेव्हा या गल्लीत राहत नव्हता, म्हणून थोडं मागचं सांगतो. कामिनी ही रोहितची दुसरी बायको. पहिली पुष्पलता. हसरी, बुटकी आणि सायकलची वेडी. दर रविवारी पहाटे रामटेकला जायची आणि स्वयंपाकाच्या वेळेला घरी हजर. एकदा एकटीनं अमरकंटकला जायचं, नर्मदा निघते ती जागा बघायची, असं ती सगळ्यांना सांगायची. डेंगू झाला आणि आठवड्याभरात गेली.

कामिनी घरात आली तेव्हापासून तिच्या कानावर तेच. पुष्पा अशी होती, पुष्पाच्या हातची भाजी तशी होती. रोहितची आई तुळजाबाई मनानं वाईट नाही, पण पाहुणे आले की तिची जीभ पहिल्या सुनेकडेच वळायची. कामिनी बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यात नोकरी करते. तिनं पगार साठवला, नवी कोरी सायकल घेतली आणि एक दिवस जेवताना सांगितलं, मी अमरकंटकला चालली. एकटी.

त्यांच्या घरात एक जुनी रीत आहे. पहिली वारली असेल, तर तिच्या नावाची चांदीची पुतळी दुसरीच्या गळ्यात घालतात. नवं लुगडं असो की नवी बांगडी, आधी पुतळीला लावायची, मग आपण वापरायची. पहिलीचा मान पहिला.

"सायकल लाव वं पुतळीले," तुळजाबाई ओट्यावर बसून म्हणत होती. "नवी वस्तू आहे. तिचा किती जीव होता सायकलवर."

"म्हणूनच नाही लावत, आई."

"असं नको बोलू, बाप्पा."

"लुगडं तिचं आधी. बांगडी तिची आधी. नवरा तर तिचाच आधी. ही एक वस्तू माही आहे. हिच्यावर पहिले मीच बसन."

आणि तिनं गळ्यातला दोरा काढला, पुतळी सासूच्या तळहातावर ठेवली. "तुम्हीच सांभाळा तिले. मले एकटीले जाऊ द्या."

वातावरण हलकं करावं म्हणून मी म्हणालो, "कामिनी, येताना नर्मदेचं पाणी आण वं."

"आणीन काकाजी. पण कोणाच्या नावानं सोडायले देणार नाही."

गेली. मीही दूध घेऊन घरी आलो.

तिचा दिवस पहिल्यापासून वाकडा गेला. उत्तरेचा वारा सरळ तोंडावर. कन्हान ओलांडलं आणि मागचं चाक पंक्चर. ते नीट केलं, तर मनसरच्या अलीकडे पुन्हा तेच. उकिडवं बसून बसून गुडघा धरला. पण मनसरला रामटेकचा फाटा लागला. पुष्पलता नेहमी तिथून वळायची, पुढे कधी गेली नव्हती. कामिनी न वळता सरळ गेली. ती मला म्हणाली, "काकाजी, तो फाटा मांगं पडला ना, तर गुडघा दुखतो हेच विसरली मी."

शिवनीला दिवसाउजेडी पोचायचं ठरलं होतं. देवलापारलाच अंधार पडला. तिथला चहावाला म्हणाला, "ताई, इथंच राहा. पुढं जंगल आहे." तिनं ऐकलं नाही. इथं थांबले तर उद्या घरी म्हणतील, रामटेकच्या थोडीच पुढे गेली.

तो रस्ता तुम्ही पाहिला आहे का? जनावरांना खालून जाता यावं म्हणून रस्ता खांबांवर उचललाय. दोन्ही बाजूंना उंच पत्र्याच्या भिंती. आत शिरलं की जंगल दिसत नाही. फक्त रस्ता आणि वर आभाळाची पट्टी.

आठच्या सुमाराला रोहितचा फोन आला. फोन खिशात, बोलायचं यंत्र कानात.

"कुठं पोचली?"

"पुलावर आहे. दमली थोडी."

"हळू जा. उगाच जोर नको लावू, पुष्पा..."

...

"काय म्हटलं तुम्ही?"

"कामिनी... चुकून निघालं वं तोंडातून..."

तिनं फोन कापला. कानातलं काढून खिशात टाकलं.

मग तो आवाज आला.

टिक टिक टिक टिक. पायडल थांबवलं की मागचं चाक मोकळं फिरतं, त्याचा.

कामिनी पायडल मारत होती. तिचं चाक वाजत नव्हतं.

तिनं वळून पाहिलं. रस्ता रिकामा.

"भ्याली असेल," पिंकी, तुला वाटतंय ना? नाही. तिला राग आला. मागून कोणीतरी आपल्याला गाठतंय, एवढंच तिच्या मनात आलं. तिनं जोर लावला. आवाज तेवढ्याच अंतरावर. आणखी जोर लावला. आवाज तेवढ्याच अंतरावर.

बांगड्या वाजल्या.

कामिनीच्या हातांत हातमोजे होते. बांगड्या नव्हत्या.

एक ट्रक आला, उजेड भिंतीवर पडला. सावली एकच. तिला जरा बरं वाटलं. ट्रक गेला.

अंधार.

आणि कानाशी... "थोडी मले दे ना."

लाडिक आवाज. धाकट्या बहिणीनं मागावं तसा.

कामिनीनं हँडल आवळून धरलं.

"पुलाच्या टोकापर्यंत... मंग वापस देते."

"नाही देत."

...

"नाही देत! मेली तरी सगळं तुहंच काय? ही माही आहे!"

टिक टिक थांबलं.

वारासुद्धा थांबला.

मग हँडल वळलं. हळूच. तिनं वळवलं नव्हतं. तिच्या हातांवर कोणीतरी हात ठेवले होते. मोज्यांतूनही गार लागत होते...

तिनं सायकल सोडली. पडली. उठली. देवलापारकडे धावत सुटली. मागे पाहिलं नाही.

इकडे रोहित फोन लावून लावून वेडा झाला. माझं दार वाजवलं. मी शाळेच्या पोरांची माझी व्हॅन काढली आणि निघालो. देवलापारच्या पुढे एका ढाब्यावर ती सापडली. ढाबेवाल्याचं ब्लँकेट पांघरून बसली होती, कोपर सोललेलं. हे सगळं तिथंच सांगितलं. सायकल टाकून तिला दोन-तीन तास होऊन गेले होते.

मी म्हणालो, सकाळी बघू. ती म्हणाली, "नाही. माही सायकल आताच आणायची."

पुलावर गेलो. ती पडली तिथं रस्ता मोकळा. पुढे गेलो. पूल संपतो तिथं, व्हॅनच्या उजेडात, सायकल भिंतीला टेकवून ठेवलेली. नीट.

गोलू, तू म्हणशील तेच मीही म्हणालो. कोण्या ट्रकवाल्यानं उचलून ठेवली असेल.

"सीट बघा," कामिनी म्हणाली.

सीट चांगली चार बोटं खाली गेलेली. तिचा बोल्ट चावीशिवाय हलत नाही, आणि चावी कामिनीच्या कमरेच्या पिशवीत. तिनं काढून दाखवली.

रोहित पुढे झाला. सीटवर तळहात ठेवला, आपल्या कमरेशी जुळवून पाहिला आणि पुटपुटला, "एवढीच ठेवायची ती..."

कामिनी आता सीटकडे पाहत नव्हती. त्याच्या हाताकडे पाहत होती.

"तुमच्या हाताले अजून तिची उंची पाठ आहे."

रोहितनं हात खिशात घातला.

मी सायकल गाडीत चढवायला गेलो, तर तिनं अडवलं. आधी चावी लावली. तिथंच, त्या अंधारात, सीट वर करायला घेतली. आणि एकदम हात मागे घेतला.

"काय झालं?" मी विचारलं.

तिनं नुसतं बोट दाखवलं.

मी हात लावून पाहिला. थंडी अशी की हँडल धरवत नव्हतं. दांडीवर दव साचलेलं.

सीट कोरडी होती. आणि गरम.