सोबतपट्टा

लोकमत प्रयोगशाळेत विशाखा तळेकर सातव्या वर्षाचा अहवाल पुढ्यात घेऊन बसली होती, आणि तिला त्याच्याकडे बघवत नव्हतं. सात वर्षांत अकरा हजार माणसं झाली होती. यंत्र एकच, चालवणारीही एकच. प्रत्येकाच्या शेजारी बसून तिने तीच चित्रफीत पाहिली होती. भाताच्या बांधावर गोळी लागलेलं रानडुक्कर, त्याचं मागचे पाय ओढत चालणं, मग शेवट. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी ते कितव्या सेकंदाला पडतं, हे तिने सांगितलं असतं.

तरी एका गोष्टीवर ती तग धरून होती. लोक मऊ होत होते, दर वर्षी थोडे थोडे. यंदाचा आकडा मान्य झाला की रानडुकरं मारायची बारमाही मुभा बंद होणार होती. मग आपली सात वर्षं पाण्यात गेली नाहीत, एवढं तरी तिला म्हणता आलं असतं.

आकडे तपासायला सोलापूरहून डॉ. हैदर मुल्लाणी आले होते. संख्याशास्त्रात मुरलेला माणूस. खुर्ची ओढून ते म्हणाले, "विशाखाताई, हे यंत्र मला अगदी अडाण्याला सांगतात तसं सांगा बघू."

"तोंडी उत्तरांचा भरवसा नाही, सर. पुण्यातली कॉलेजची मुलगी शिकार म्हटलं की नाक मुरडते. लांज्यातले बंदूकवाले आजोबा म्हणतात, मारायलाच हवीत. दोघंही चारचौघांत शोभेल तेच बोलतात. म्हणून हा कणवमापक. मनगटाला पट्टा बांधायचा. नाडी, घाम, स्नायूंचा ताण यांवरून माणूस आतून किती हलला ते शून्य ते शंभरात कळतं."

"आणि हा दुसरा?"

"हा सोबतपट्टा, माझ्या हाताचा. खोलीत उकडलं, बाहेर भोंगा वाजला, तरी नाडी वाढतेच. पण ती आम्हा दोघांचीही वाढते. म्हणून त्यांच्या आकड्यातून माझा आकडा वजा करायचा. उरते ती निव्वळ कणव."

मुल्लाणींनी तक्त्यावर बोट ठेवलं. "कॉलेजच्या मुली तेवीसवरून अठ्ठावन्नवर. बंदूकवाले अकरावरून शेहेचाळीसवर. शाकाहारी, मटण खाणारे, शहरातले, धनगरवाड्यातले, कुठलाही गट घ्या. वाढ पस्तीसच. माणसं अशी कवायतीत सुधारत नाहीत हो."

विशाखाने तक्ता पुन्हा वरपासून खाली वाचला. मुल्लाणींनी विचारलं, "चित्रफीत चालू असताना नियमाप्रमाणे तुम्ही कुठं बघायचं होतं?"

"भिंतीकडे." ती घुटमळली. "पण माणूस आपल्या शब्दाखातर येतो, सर. त्याला असलं काही बघायला लावायचं आणि आपण तोंड फिरवून बसायचं, हे बरं दिसत नाही. त्याला सोबत म्हणून मीही बघायचे."

मुल्लाणींनी सोबतपट्ट्याच्या मूळ नोंदी उघडल्या. वजाबाकी यंत्रच करत असल्याने आजवर त्या कोणी पाहिल्याच नव्हत्या. पहिल्या वर्षी पस्तीस. पुढे एकोणतीस, बावीस, सोळा, नऊ, चार. यंदा शून्य.

"तुम्ही पस्तीस हललात, ते पस्तीस लोकांच्या कणवेतून कापले गेले," ते हळू आवाजात म्हणाले. "तुम्ही निबर होत गेलात, तसे ते त्यांना परत मिळत गेले. लोक बदललेच नाहीत, ताई."

"म्हणजे यंदाचा आकडा खोटा?"

"यंदाचाच खरा. तुमचं काही वजा होत नाही आता. खोटा होता तो पहिला."

पहिल्या वर्षीची सरासरी चौदा होती. विसाच्या आत असेल तर लोकांची हरकत नाही असं धरायचं, हा नियम. त्या चौदावरच सात वर्षांसाठी बारमाही मुभा मिळाली होती, फेरविचार थेट यंदा. तेव्हाही खरा आकडा एकोणपन्नासच होता. त्या वर्षी विशाखाला घरी गेल्यावर घास उतरत नसे. तिला वाईट वाटलं होतं, म्हणूनच इतर कोणाला वाटत नाही असं ठरलं होतं. सात वर्षांत किती रानडुकरं मारली गेली, हे विचारायचं तिला धाडस झालं नाही. तिला रडावंसं वाटत होतं. ती थोडा वेळ थांबली, पण रडू आलं नाही, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

"अकरा हजार वेळा बघून कोणीही निबर होईल ना, सर?"

मुल्लाणींनी चष्मा काढला. "माझे वडील गावात चाळीस वर्षं बकरी कापायचे. कापून झालं की तासभर कोणाशी बोलायचे नाहीत. अगदी शेवटच्या दिवसापर्यंत. पण ते काम त्यांच्या हातचं होतं, ताई. तुम्हाला नुसतं बसून बघावं लागलं."

विशाखाने अहवाल जवळ ओढला. एकेका गटाचा जुना आकडा खोडून तिने खरा लिहिला. मुली अठ्ठावन्न, तेव्हाही आणि आताही. बंदूकवाले शेहेचाळीस, तेव्हाही आणि आताही. बदलाच्या रकान्यात खालपर्यंत शून्यं आली. मग तिने तळाशी एक नवी ओळ आखली आणि लिहिलं: सर्वेक्षक. स्त्री, वय सत्तेचाळीस, मूळ संगमेश्वर, मासे खाते. तेव्हा पस्तीस, आता शून्य. गटातील व्यक्ती, एक.

"हे कशाला लिहिताय?" मुल्लाणी म्हणाले. "कोणी विचारलेलं नाही."

"सात वर्षांत कोणता गट बदलला, ते अहवालातच विचारलंय, सर," विशाखा म्हणाली, आणि तिने खाली सही केली.