बोट न लावता

हे मी रचून सांगत नाहीये. खोटं असेल तर माझी जीभ झडो.

आणि रात्रबित्र काही नव्हती हो. आमच्या मालाबोन शहरातला बाजार, भर दुपार, ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं.

मी लुर्देस. बाजाराच्या मागच्या गल्लीत केळी तळून, साखरेच्या पाकात घोळवून विकते; सुट्या सिगरेटीही ठेवते. माझ्या कढईला लागूनच माझ्या नवऱ्याचं, गानीचं, फोन दुरुस्तीचं टेबल. फुटलेला टच बदलण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. आमच्या दोघांच्या मध्ये पाण्याचं निळं पिंप, नळाला पाणी आलं की काठोकाठ भरून ठेवतो.

त्या दुपारी एक माणूस आला. छातीवर काळी फीत टाचलेली. बुटांना ओली माती.

"मानांग, ताई, एक सिगरेट द्या. जरा टेकतो."

"पुरून आलात वाटतं?"

"बायकोला. दिव्हिनाला. आत्ताच."

मयतावरून आमच्याकडे कोणी थेट घरी जात नाही. वाटेत कुठेतरी थांबायचं, काहीतरी खायचं-प्यायचं, मग घर. म्हणजे मेलेलं माणूस वाट चुकतं आणि मागोमाग घरी येत नाही. पगपग म्हणतात त्याला. अशी गिऱ्हाइकं बाजारात रोज येतात. मीही कित्येकांना बसायला स्टूल दिलंय.

पण वाट चुकलेलं ते माणूस मग राहतं कुठे, हे मी कधी कोणाला विचारलं नव्हतं.

"कशानं गेली बिचारी?"

"न्हाणीघरात पाय घसरला." त्याने खिशातून फोन काढून गानीपुढे धरला. "हासुद्धा तिच्याबरोबरच पडला. कुया, दादा, टच मेलाय याचा. बदलून द्या. आत काय आहे ते बघून सगळं पुसून टाकायचंय."

गानीला कुठे काय बोलावं ते कळत नाही. म्हणतो कसा, "काय राव, जिवंतपणी बायकोचा फोन उघडायची छाती झाली नाही होय?"

मी डोळे वटारले. तो माणूस हसला नाही, की चिडलाही नाही. सिगरेट ओढत राहिला.

त्याच्या दोन्ही मनगटांवर ओरखडे होते. लांब आणि ताजे.

मला वाटलं, मांजर असेल.

गानीने जुनी काच उचकटली, नवा टच बसवला, फोन चालू केला. मग तपासणी. पडद्यावर चौकटी येतात. बोट फिरवलं की एकेक चौकट हिरवी होते. सगळी पाटी हिरवी झाली की टच ठीक.

गानी हात पुसत होता. फोन टेबलावर पडलेला.

आणि एक चौकट...

आपोआप हिरवी झाली.

"गानी, तू बोट लावलंस?"

"नाही गं."

मग दुसरी... तिसरी... चौथी.

"आत ओल राहिली असेल," गानी म्हणाला. "होतं असं." त्याने फोन उघडून स्पिरिटने पुसला. तरी तेच. मग वैतागून त्याने टचची पट्टीच सोडवून बाजूला काढली. आता पडदा नुसता दिसणार होता. आम्ही दहा बोटं लावली असती तरी त्याला कळलं नसतं.

आम्ही तिघंही बघत होतो.

चार चौकटी हिरव्या झाल्या. एका ओळीत. पाचवी जरा खाली, बाजूला.

कोणीतरी हात टेकला होता.

गानीने टेबलावरचे हात काढून घेतले.

तपासणीचा पडदा गेला, कुलपाचे नऊ ठिपके आले. एक रेघ निघाली... या ठिपक्यावरून त्या ठिपक्यावर... खाली, आडवी, पुन्हा वर.

कुलूप उघडलं.

"हे कसं झालं?" तो माणूस स्टुलावरून उठला. "तिने मला हे कधीच सांगितलं नव्हतं."

आता अक्षरांची पाटी वर आली. हल्लीची पोरं बोट न उचलता या अक्षरावरून त्या अक्षरावर घसरत लिहितात ना, तशी निळी रेघ फिरायला लागली. शब्द उमटू लागले. गानी खुळ्यासारखा मोठ्याने वाचत गेला.

"डोकं... वर... काढू दे..."

रेघ थांबली. पुन्हा सुरू झाली. आता फार जोरात.

"डोकं वर काढू दे रोमुआल्दो... श्वास... रोमुआल्दो श्वास..."

त्याचं नाव आम्ही विचारलंही नव्हतं.

"तू करतोयस हे!" तो गानीच्या अंगावर धावला. "कोणी सांगितलं तुला? बोल! कोणी पाहिलं?"

त्याने गानीचे केस धरले आणि त्याचं तोंड टेबलावर आपटलं. एकदा, दोनदा. गानीचं नाक फुटलं. टेबल उलटलं, काचा, स्क्रू, फोन सगळीकडे उधळले. मग त्याने त्याला फरफटत पिंपाशी नेलं आणि डोकं पाण्यात दाबलं.

किती सफाईने दाबलं! गुडघा पाठीत, दोन्ही हात मानेवर. हात सरावलेले होते हो त्याचे!

गानीचे पाय झडत होते. पाणी लाल व्हायला लागलं.

"सोड त्याला! सोड मेल्या!"

मी डाव कढईत घातला. उकळता पाक भरून घेतला आणि त्याच्या हातांवर ओतला.

साखर कातडीला चिकटली की सुटत नाही. तो गुरासारखा ओरडला. हात झटकले तर कातडीच लोंबायला लागली. तो मागे कोलमडला, उठला आणि मासळीवाल्यांच्या रांगेतून पळत सुटला.

मी सुटकेचा निःश्वास टाकला.

पण गानी...

गानीचं डोकं वर आलं नाही.

त्याच्यावर कोणाचाही हात नव्हता. त्याचे स्वतःचे दोन्ही हात पिंपाच्या काठावर होते, तो जिवाच्या आकांताने रेटा देत होता. तरी डोकं पाण्यातच.

मी त्याचे खांदे धरून ओढलं. हलेना. शेजारचा मटणवाला धावत आला. दोघांनी मिळून ओढलं. हलेना!

तेव्हा मला त्याची मान दिसली.

मानेची कातडी चार जागी खोल गेली होती. बारीक, बाईच्या बोटांएवढ्या जागा. आणि त्या आणखी खोल जात होत्या.

पाण्यावरचे बुडबुडे कमी व्हायला लागले.

रडत रडत मी बोंबलले, "दिव्हिना! अगं, हा तो नव्हे! तो पळाला! हा गानी आहे, माझा नवरा आहे! बाई, तुझ्या पाया पडते, माझा गानी मला दे!"

काहीच झालं नाही.

मग एकदम... गानी सुटला. आम्ही तिघंही मागे पडलो. तो ओकला, खोकला, आणि श्वास घेतला. तो श्वास ऐकून मी त्याला कवटाळून जी रडले, तशी आईच्या मयतालाही रडले नव्हते.

पायाशी दिव्हिनाचा फोन पालथा पडला होता. मटणवाल्याने तो उचलला, बघितला, आणि चटका बसल्यासारखा टाकून दिला.

पडद्यावर लिहिलं होतं,

"मग तो कुठाय?"

पोलिसांना सगळं सांगितलं. फोनही दिला. त्यांनी तिला उकरून काढलं, तेव्हा मानेची हाडं मोडलेली निघाली म्हणे. रोमुआल्दो मात्र सापडला नाही. भाजलेल्या हातांनी कुठे गेला देव जाणे. तो तिला आमच्याकडे सोडून गेला, हे मात्र खरं. त्यासाठीच तर थांबला होता आमच्या दारात.

पाद्री येऊन पाणी शिंपडून गेले. पिंप मी फोडून टाकलं. टेबल गल्लीच्या दुसऱ्या टोकाला नेलं. काही उपयोग नाही. गानी कोणाचाही फोन दुरुस्त करो, नवा टच बसवला की रेघ फिरते आणि तेच तीन शब्द येतात. तो मुकाट्याने पुसतो आणि गिऱ्हाइकाला फोन देऊन टाकतो.

मी काय उत्तर देऊ तिला? मला माहीत असतं तर मी स्वतः तिला घेऊन गेले असते त्या नराधमाच्या दारात!

लोक म्हणतात, लुर्देस, तिने सोडलं ना त्याला, मग आता कशाला घाबरतेस? ज्याचं जळतं त्याला कळतं. तिला चेहरा दिसत नाही, फक्त एवढंच ठाऊक आहे की पाण्याशी एक पुरुष होता.

म्हणून गानी आंघोळीला गेला की मी दाराबाहेर उभी राहते. मोठ्याने सांगते, "दिव्हिना, आत गानी आहे. माझा गानी." मग त्याला हाक मारते आणि तो आतून "ओ" देईपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असतो.

आज सकाळी त्याने "ओ" द्यायला फार वेळ लावला.