रायभानच्या गिरणीची पहिली मूठ

आयुष्यभर मुलांना शिकवलं, पण वर्गात भुताची गोष्ट कधी सांगितली नाही. मुलं हट्ट करायची, मी टाळायचो. खोटं सांगून घाबरवायचं कशाला?

ही सांगतोय, कारण ही घडलेली आहे. माझ्या मावसबहिणीच्या, सत्यशीलाच्या बाबतीत. परतूर तालुक्यातल्या आष्टीत, हुरड्याच्या दिवसांत. रात्रही नव्हती. नुकती दिवेलागण झाली होती.

सत्यशीला शाळेत विज्ञान शिकवायची. निवृत्त झाल्यावर शाळेमागच्या दोन खोल्यांत तिनं यंत्रघर मांडलं. जुने रेडिओ, तारयंत्र, टुरिंग टॉकीजचा प्रोजेक्टर, कापूस पिंजायची धनुकली. प्रत्येक वस्तूचा फोटो काढायचा, ती वापरणाऱ्या माणसाला शोधायचं आणि त्याचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करायचं. माणूस गेला की यंत्र मुकं होतं, असं ती मुलांना सांगायची.

पण ती थकली होती. गुडघे साथ देत नव्हते. खोल्यांना ओल आली होती. मुलगी प्रांजली नाशिकहून रोज फोन करायची, "आई, आता बस कर. इकडे ये."

आणि सुटकेची वाट सापडली. शहरातलं एक संग्रहालय सगळं न्यायला तयार झालं. अट एकच. रायभानची गिरणी हवी. ती असेल तर सगळं नेऊ, नसेल तर काहीच नाही.

सोमवारी ट्रक येणार होता.

रायभान हा गावातला पहिला गिरणीवाला. तेलाच्या इंजिनावर त्याची गिरणी चालायची. पुक... पुक... पुक... असा आवाज शिवारभर जायचा आणि बाया डबे घेऊन निघायच्या. तो जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. इंजिन त्याच्या पुतण्यांनी तेव्हाच भंगारात घातलं. उरलं ते धान्य ओतायचं लोखंडी टोपलं, दोन दगड आणि चाक. त्याच्या बायकोनं, कडूबाईनं, ते आनंदानं देऊन टाकलं.

गिरणी आणली तेव्हा सत्यशीलानं दगड उघडून फोटो काढला. दगड पार गुळगुळीत झाले होते. तळहातासारखे.

"टाकी लावून घेऊ," ती म्हणाली. म्हणजे छिन्नीनं दगडाला पुन्हा खाचा पाडायच्या. पाहायला येणाऱ्या मुलांना दळण कसं होतं ते कळलं पाहिजे ना. कल्याण पाथरवटानं दिवसभर बसून टाकी लावली.

कडूबाई दारात बसून बघत होती. काम संपल्यावर तिनं ओच्यातून मूठभर ज्वारी काढली.

"बाई, ही टाका. टाकी लावली की पहिली मूठ दगडाला द्यावी लागती. ते पीठ खायाचं नसतं, दगडाची खर येती त्याला. पर द्यावी लागती."

सत्यशीलाला हे माहीत होतं. तिची आईही हेच म्हणायची.

"मावशी, आता ही संग्रहालयाची वस्तू झाली. हिच्यात दाणा टाकायचा नसतो. किडे होतात, उंदीर येतात."

कडूबाईनं मूठ मिटली.

"बरं. तुमची मर्जी."

दोन दिवसांनी दैवशाला आली. गावात सध्याची विजेवरची चक्की तिची.

"बाई, माझ्या पोटावर पाय देऊन राह्यल्या काय तुम्ही?"

"का गं?"

"गिरणी चालू केली म्हणं. कालपासून चार बाया डबे घेऊन तुमच्या दारावरून परत आल्या."

सत्यशीला हसली. तिला आत नेलं. "बघ. इंजिन नाही, पट्टा नाही. चालणार कशी?"

दैवशाला गिरणीकडं बघत राहिली.

"मंग आवाज कशाचा येतो? मी सोता ऐकला. पुक-पुक-पुक. दिवे लागायच्या वक्ताला."

सत्यशीलानं चाकाला हात लावून पाहिला. कारण दोन्ही दिवस त्या वेळी ती याच खोलीत होती. गिरणीला पाठ लावून सामान बांधत बसली होती.

तिला काहीच ऐकू आलं नव्हतं...

"म्हातारीलाच विचारा," दैवशाला जाता जाता म्हणाली. "न्हाईतरी ती कडूबाई अजब बाई. इतकी वर्षं झाली, माझ्या चक्कीवर एकदा न्हाई आली दळायला. हवेवर जगती जणू."

शनिवारी संध्याकाळी सत्यशीला कडूबाईकडं गेली. गिरणीची माहिती रेकॉर्ड करायची तेवढी राहिली होती. ते झालं की काम संपलं. मग नाशिक.

एका खोलीचं घर. चूल पेटलेली. कडूबाई भाकरी थापत बोलत होती. मोबाइल मध्ये ठेवलेला.

"मालक गेले त्या दिशी सकाळीच टाकी लावल्ती त्यांनी. दगड उघडे ठिवून जेवाया आले. म्हणले, जेवतो आन पहिली मूठ टाकतो. हात धुतला... आन तिथंच बसले. उठलेच न्हाईत."

"मग गिरणी कोणी चालवली?"

"कोणी न्हाई. पट्टा पुन्हा चढलाच न्हाई त्याच्यावर."

सत्यशीलानं हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

त्याच दिवशी टाकी लावलेली. त्यानंतर कोणी चालवली नाही. मग दगड गुळगुळीत कशानं झाले? तिनं स्वतः हात फिरवला होता. इतका दगड झिजायला वर्षानुवर्षं दळण पडावं लागतं.

कडूबाई बोलता बोलता गप्प झाली. थोडा वेळ तशीच बसली. मग पुन्हा बोलू लागली. म्हातारं माणूस, दम लागला असेल, असं सत्यशीलाला वाटलं.

उठण्याआधी नेहमीच्या सवयीनं तिनं रेकॉर्डिंग तपासलं.

कडूबाईचा आवाज. चुलीचा आवाज. मग ती गप्प झाली ती जागा आली.

आणि त्या शांततेत...

पुक... पुक... पुक... पुक...

लांबून. सावकाश.

आवाज थांबल्यावरच रेकॉर्डिंगमधली कडूबाई पुन्हा बोलू लागली होती.

सत्यशीलानं मोबाइल बंद केला.

"जेवून जा, बाई," कडूबाईनं ताट सरकवलं. भाकरी, ठेचा, कांदा.

नाही कसं म्हणायचं? तिनं घास मोडला. तोंडात घातला.

कच्...

दाताखाली खर आली. बारीक, दगडाची.

तिनं चावणं थांबवलं. कडूबाई तिच्याकडंच बघत होती. रागानं नाही. पोरीनं मीठ विसरल्यावर आई बघते तशी.

"पहिली मूठ टाकली न्हाई ना तुम्ही?"

सत्यशीला ताटावरून उठली. कशी उठली, तिला आठवत नाही. ती थेट यंत्रघरात आली. कुलूप जसंच्या तसं होतं. पौषाच्या थंडीनं खिडकीचे गजही गार पडले होते. तिनं दगडावर हात ठेवला.

दगड ऊन होता.

नुकतं दळण उतरलं की असतो, तसा.

मग घरातून मूठभर ज्वारी आणली आणि टोपल्यात टाकली. मुलांना कधीही करू दिलं नसतं ते तिनं स्वतः केलं, आणि दार लावून घेतलं.

सकाळी टोपलं रिकामं होतं. खाली पिठाचा कणही नव्हता.

दुपारी दैवशाला निरोप घेऊन आली. "कडूबाईनं सांगितलंय, आता बराबर हाय म्हणं. काय बराबर हाय, बाई?"

सोमवारी ट्रक आला तसा परत गेला. गिरणी देणार नाही, असं तिनं सांगून टाकलं. संग्रहालयाची माणसं चिडली. प्रांजली तर चार दिवस बोलली नाही.

मी विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "दादा, गिरणी शहरात गेली असती तर म्हातारीनं खाल्लं काय असतं?"

गेल्या दिवाळीनंतर कडूबाई गेली. झोपेतच गेली.

मला वाटलं, आता सत्यशीला मोकळी झाली. तिला नाशिकला पोचवायला म्हणून मी आष्टीला गेलो. रस्त्यात दैवशाला भेटली. म्हणाली, "सर, बाई हल्ली दळायला येत न्हाईत. माझं काही चुकलं का, विचारा बरं."

घरी सत्यशीला ताट वाढून बसली होती. फार थकलेली दिसत होती. नाशिकचा विषय काढला, तर तिनं नुसती नकाराची मान हलवली. बाहेर दिवे लागत होते.

अचानक ती बोलता बोलता गप्प झाली. थोडा वेळ तशीच बसली.

मला काहीच ऐकू आलं नाही.

मग तिनं माझ्या ताटात भाकरी वाढली. ऊन ऊन, फार मऊ.

पीठ कुठून आणतेस, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.