लोटलेल्या दाराआडचं जेवण

सगळे आदराने ज्यांना 'सी' म्हणत, ते म्हातारे सी तिजानी रमजानच्या बाराव्या दिवशी भर दुपारी गेले, आणि संध्याकाळच्या आत पोलिसांनी त्यांच्या नर्सला, मबरूकाला, उचललं. म्हाताऱ्याला इन्शुलिन जास्त टोचल्याचा आरोप होता. तक्रार म्हाताऱ्याच्या मुलाची, फाखिरची.

दुसऱ्या दिवशी दलेंदा स्फाक्स शहरातल्या ठाण्यात मबरूकासमोर बसली. तीस वर्षं वॉर्डात मुख्य नर्स म्हणून राबलेली ही बाई आता वकिलांसाठी तपास करायची. सोबत दीर हशमी, निवृत्त हवालदार. वहिनीच्या डोक्याची चाल आपल्याला झेपत नाही, हे तो मोकळेपणी कबूल करायचा.

"रोजच्याइतकंच दिलं हो," मबरूका रडत म्हणाली. "जेवणानंतरचं इंजेक्शन. पोट रिकामं असेल तर तेच विष होतं, हे मला कळत नाही?"

"जेवताना पाहिलंस?"

"रमजानात ते दार लोटून जेवायचे. आजारपणात रोजा सुटला, त्याची लाज वाटायची. आत फक्त फाखिर असायचे, मी बाहेर थांबायचे. ताट चाटूनपुसून बाहेर आलं. तरी फाखिरना विचारलं, जेवले का? जेवले म्हणाले. सी तिजानी डोळे मिटून पडलेले, मी सुई दिली."

"दोन लेकरं आहेत तिला," बाहेर येताच हशमी म्हणाला. "ही आत सडणार, वहिनी."

तिजानींची खोली पोलिसांनी होती तशी ठेवली होती. बाहेर आलेलं ताटही न धुता तिथेच ठेवलं होतं. त्यांची बायको लतीफा खाला उंबऱ्याशीच थांबली.

"स्वतःच्या हाताने जेवायचे?" दलेंदाने विचारलं.

"भरवलेलं खपायचं नाही. हात कापायचे, निम्मं कालवण गळ्यातल्या फडक्यावर. रोज माखायचं."

"काल काय केलं होतंत?"

"मटण आणि चणे. त्यांच्यापुरतं बिनतिखट, पोटात आग पडायची ना. हरीसाची, त्या लाल मिरचीच्या ठेच्याची, बरणी फाखिरसाठी असते, तिखटाशिवाय त्याला घास उतरत नाही. ताट मी दारातूनच त्याच्या हातात दिलं." तिने डोळे टिपले. "हे रोजा धरायचा म्हणून लहान मुलासारखे रडायचे हो."

हशमीने वहिनीकडे सूचक पाहिलं. ती मात्र खुंटीवरचं फडकं बघत होती. इस्त्रीची घडी मोडलेली नव्हती. कवळीच्या पेल्यातलं पाणी नितळ होतं.

"हे पाणी कोण बदलतं, खाला?"

"सकाळी मबरूका. जेवले की कवळी न धुता तशीच आत टाकायचे, सगळं गढूळ करून ठेवायचे."

दलेंदाने ताट उजेडात धरलं. कडेला लाल तिखटाचं बोट पुसलेलं होतं.

फाखिर अंगणात सांत्वनाला आलेल्यांत बसला होता.

"माझ्यासमोर जेवले," तो म्हणाला. "सगळं संपवलं. त्या बाईने दोनदा टोचलं असणार, दुसरं काय?"

"खोलीत आणखी कोणी?"

"कोणी नाही. मी आणि बाबा."

"म्हातारीचंच काम," हशमी कुजबुजला. "नवऱ्याला रोज्यात पुण्याचं मरण यावं म्हणून अन्न लपवलं."

"भावजी, ती दाराच्या आत गेलीच नाही. चला."

दलेंदाने मायलेकांना खोलीत बोलावलं.

"सी तिजानी काल जेवलेच नाहीत," ती म्हणाली. "थरथरत्या हाताचा माणूस जेवला आणि फडक्याला डाग नाही? मटण चावलं आणि कवळीचं पाणी नितळ? ताट मात्र रिकामं, आणि त्याला हरीसा लागलेली. खालांनी तर ती घातलीच नव्हती. रमजानात या घरात दिवसा फक्त याच खोलीत अन्न येतं. दार लोटलेलं असतं आणि कोणी डोकावत नाही. फाखिर, ते जेवण तुम्ही जेवलात."

फाखिर भिंतीला टेकला.

"रोजा झेपत नाही मला. रोज दोन घास खायचो. काल बाबा म्हणाले, मला नको, तूच खा. दुसरं ताट आणणार होतो, शपथ! तेवढ्यात मबरूकाने विचारलं. आणि उम्मी शेजारीच उभी होती."

"एक शब्द बोलला असतात तर सुई थांबली असती," दलेंदा संतापाने म्हणाली. "नंतर तरी बोलायचंत! तुमची लाज झाकायला तिला कोठडीत घातलंत. मुकाट्याने ठाण्यात चला."

हशमीने त्याचा दंड धरला. फाखिरची नजर आईकडे वर होईना.

लतीफा खाला नवऱ्याच्या पलंगावर मटकन बसली.

"मला सांगायचं होतंस रे," ती म्हणाली. "मी तुला वाढलं असतं."