टेबलाभोवतीचे सहा जण

दिवा जरा जवळ ओढ, रसिका, आणि मध्ये बोलू नकोस. सुरुवात अगदी साध्या कामाने झाली.

जुने कागद धुऊन, डाग काढून, सांधून देणं हा माझा धंदा, हे तुला ठाऊकच आहे. गाझियाबादच्या या फ्लॅटमधली मागची खोली त्यासाठीच आहे. पहाडगंजच्या एका म्हाताऱ्या पुस्तकविक्रेत्याने तांब्याच्या पत्र्यावरून छापलेलं एक जुनं व्यंगचित्र मला साफ करायला दिलं. कोलंबस टेबलाशी उभा, समोर बूड ठेचून उभं केलेलं अंडं, आणि भोवती तोंडं वाकडी केलेले सहा जण. नवा मुलूख काय, कुणालाही सापडला असता, असं हे म्हणत होते. त्याने त्यांना अंडं उभं करायला सांगितलं आणि एकालाही ते जमलं नाही, अशी ती दंतकथा. चित्रकाराने खिल्ली उडवली होती ती त्या सहांची.

देताना म्हातारा म्हणाला, "गिनकर दे रहा हूँ बेटा. छह हैं. छह ही लौटाना."

मला तेव्हा हसू आलं.

जानेवारीतली दुपार होती. धुक्यात समोरचा टॉवरही दिसत नव्हता. चित्र पाण्याच्या ट्रेमध्ये सोडलं होतं. माझा धाकटा भाऊ साकेत, नोकरीसाठी नुकताच पुण्याहून आलेला, चहाचा कप घेऊन आत आला. त्याला मी ती गोष्ट सांगितली. कशाचंही कौतुक म्हणून करायचं नाही, हा त्याचा जुना बाणा.

"त्यात काय एवढं, ताई? बूड फोडून कुणीही उभं करेल."

मी माझा चहा आणायला स्वयंपाकघरात गेले. मागे आवाज झाला. टक्... कुणी अंडं हलकेच टेबलावर आपटावं तसा. मग नासलेल्या अंड्याचा वास आला. मी हाक मारली. ओ आली नाही. खोलीत त्याच्या कपातून अजून वाफ निघत होती. बाहेरच्या दाराला आतून कडी होती, बाल्कनीलाही.

मी ट्रेमध्ये पाहिलं. मोजले. पुन्हा मोजले. सात. सहा जण अंड्याकडे बघत होते. सातवा चष्मा लावून कोपऱ्यात उभा होता आणि एकटाच माझ्याकडे बघत होता. चष्मा साकेतचा होता.

मी म्हाताऱ्याला फोन लावला. तो हळूच म्हणाला, "कितने...?"

"सात..."

"पानी में तो नहीं है?"

ओला कागद स्वतःच्या वजनानेही फाटतो. इतकी वर्षं मी तो उचलत आलेय, पण त्या दिवशी कडेला बोट लावलं आणि थांबले. एवढीशी चीर गेली असती, तर ती कुणाच्या अंगावर गेली असती? कसाबसा तो टिपकागदावर आणला.

पोलिसांना मी काय सांगणार? पुण्याहून आईचा रोज फोन येतो, मी काहीतरी थाप मारते.

आज दहावा दिवस. कागद केव्हाच वाळला, कोरडाठाक आहे. पण त्या सातव्याच्या चष्म्याखाली हात लावला, की बोट ओलं होतं.